पाहुणे आले, भाषा बदला

2025 च्या जानेवारीत अमेरिकेत टिकटॉकवर बंदी येणार हे जवळपास नक्की झालं आणि तिथली तरुण मंडळी सरकारवर रुसली. चिनी ॲप नको म्हणता? बरं, मग आम्ही त्याहून चिनी ॲप घेतो. असं म्हणत ही मंडळी थेट शांघायच्या शाओहोंगशूवर जाऊन थडकली. बातम्यांनुसार दोन दिवसांत सातेक लाख. स्वतःला त्यांनी नाव दिलं ‘टिकटॉक निर्वासित’. निर्वासित हा शब्द सोफ्यावर पडल्या पडल्या, इतक्या आरामात क्वचितच कुणी वापरला असेल.

शाओहोंगशू हे 2013 पासून चिनी लोकांचं चिनी लोकांसाठी चाललेलं ठिकाण. पाककृती, मेकअप, सहली, आणि कुठला पंखा घ्यावा याबद्दलचे प्रदीर्घ सल्ले. सगळं चिनी भाषेत. आलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना त्या भाषेचा गंध नव्हता. मग त्यांनी काय केलं? इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आणि यजमानांनी काय केलं? तेही इंग्रजीत बोलायला लागले. ‘आत या, पण आधी मांजराचा फोटो दाखवा,’ असं गमतीत सांगू लागले आणि त्याला ‘कॅट टॅक्स’ म्हणू लागले. (मराठीत याला मांजरकर म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, मूळ गाव कुठलं?) चिनी विद्यार्थ्यांनी संधी साधून इंग्रजीचा गृहपाठ पुढे सरकवला. कंपनीनं घाईघाईनं आठवडाभरात भाषांतराचं बटण बसवलं. आपला फीड अचानक परक्या भाषेनं भरला म्हणून काही चिनी मंडळी कुरकुरलीही, पण त्यांची कुरकुर चिनी भाषेत असल्यामुळे पाहुण्यांपर्यंत पोचली नसावी.

काही अमेरिकनांनी चिनी शिकायला घेतली, हे मान्य करायला हवं. भाषा शिकवणाऱ्या डुओलिंगो ॲपनं त्या दिवसांत अमेरिकेतले चिनीचे नवे विद्यार्थी आदल्या वर्षीच्या तुलनेत 216 टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. त्यातले किती ‘नी हाव’च्या पलीकडे गेले, हे त्या ॲपच्या बोधचिन्हातल्या हिरव्या घुबडानं जाहीर केल्याचं ऐकिवात नाही.

जगभरातून कौतुक झालं. भाषेच्या भिंती पडल्या, माणसं जोडली गेली, वगैरे. मलाही गोड वाटलं. पण मला ऑर्कुट आठवलं.

ज्यांचं वय आता चाळिशीकडे झुकलंय त्यांना ऑर्कुट म्हणजे काय हे सांगायला नको. गूगलमधल्या ऑर्कुट बुयुककोकतेन या तुर्की इंजिनिअरनं 2004 च्या जानेवारीत ते समाजमाध्यम सुरू केलं आणि स्वतःचंच नाव दिलं. आधीच आत असलेल्या कुणी निमंत्रण दिलं तरच प्रवेश. सुरुवातीला आत होते बहुतेक अमेरिकन. मग एका ब्राझिलियनाला निमंत्रण मिळालं. त्यानं घरच्यांना बोलावलं, घरच्यांनी गल्लीला बोलावलं आणि सहा महिन्यांच्या आत तिथं अमेरिकनांपेक्षा ब्राझिलियन जास्त झाले. रीतसर निमंत्रण घेऊन आलेली माणसं, कुणी भिंत ओलांडून आलं नव्हतं. पण ही माणसं आपसांत पोर्तुगीज बोलायची. इतकंच नाही, तर इंग्रजी कम्युनिटींमध्ये जाऊनही पोर्तुगीज बोलायची.

इंग्रजीवाले खवळले. हा उद्धटपणा आहे, ही घुसखोरी आहे, इथं इंग्रजीच चालेल, असा सूर लागला. ब्राझिलियनांच्या तऱ्हेवाईकपणावर बातम्या झाल्या. तेव्हा कुणी मांजराचा फोटो मागितला नाही. आपला पोर्तुगीजचा गृहपाठ घेऊन कुणी अमेरिकन विद्यार्थी पुढे आल्याचीही नोंद नाही.

म्हणजे बघा. 2004 मध्ये पाहुणे यजमानांच्या घरात येऊन आपली भाषा बोलले, तर त्यांनी शिष्टाचार मोडला. 2025 मध्ये पाहुणे यजमानांच्या घरात येऊन आपली भाषा बोलले, तर तो सांस्कृतिक संवाद झाला. दोन्हीकडे प्रसंग एक, गर्दी एक, गोंधळ एक. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी पाहुणे इंग्रजी बोलत होते.

‘जिथं जाल तिथली भाषा बोला’ हा आंतरजालावरचा म्हणे सुवर्णनियम. नियम खरा आहे, फक्त तो एकेरी मार्ग आहे. इंग्रजी घरात आपण पाहुणे म्हणून गेलो तर इंग्रजी बोलायचं, कारण आपण पाहुणे. आपल्या घरात इंग्रजी पाहुणा आला तरीही इंग्रजीच बोलायचं, कारण आपण यजमान. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हा प्रश्न मुळातच गैरलागू आहे.

ऑर्कुटची गोष्ट मात्र तिथं संपली नाही आणि तिचा शेवट मला मनापासून आवडतो. पुढच्याच वर्षी ऑर्कुटला पोर्तुगीज रूप द्यावं लागलं. 2007 मध्ये आपल्या काही भाषाही आल्या, त्यात मराठी होती (आपण तरीही स्क्रॅप, म्हणजे तिथले निरोप, रोमन लिपीतच टाकत राहिलो, तो भाग वेगळा). अमेरिकन मंडळी हळूहळू मायस्पेस, फेसबुककडे निघून गेली. आणि 2008 मध्ये ऑर्कुटचा अख्खा कारभार कॅलिफोर्नियातून उचलून ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंती शहरात नेला गेला. घराची किल्लीच पाहुण्यांच्या हातात. 2014 च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद पडलं तोवर ती त्यांच्याकडेच होती.

आता कुणी म्हणेल, अहो, जगातल्या लोकांना एकमेकांशी बोलायचं तर कुठली तरी एक भाषा लागणारच. लागणारच. माझी तक्रार इंग्रजीबद्दल नाही. तक्रार ‘शिष्टाचार’ या गोंडस नावाबद्दल आहे. शिष्टाचार म्हटलं की दोन्ही बाजूंनी थोडी थोडी तोशीस घ्यायची असते. इथं एकानं दहा वर्षं व्याकरण घोकायचं आणि दुसऱ्यानं ‘युवर इंग्लिश इज व्हेरी गुड’ म्हणायचं, अशी वाटणी आहे.

1995 च्या ऑक्टोबरमध्ये आंतरजालाच्या कर्त्यासवरत्या मंडळींनी वागणुकीची एक नियमावली काढली होती. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली, आरएफसी 1855 या क्रमांकाची. फार शहाणी नियमावली होती. सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं. उपरोध जपून वापरा. समोरचाही माणूस आहे आणि त्याची भाषा, संस्कृती, विनोदाची जाण तुमच्याहून वेगळी असू शकते. तुमचे वाक्प्रचार त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. यातलं कॅपिटलचं कलम सगळ्या जगानं पाठ केलं. (देवनागरीत कॅपिटल नसल्यानं आपल्याला ओरडायची सोय नाही, म्हणून आपण एका रांगेत सात उद्गारचिन्हं उभी करतो.) उपरोधाचं कलम कडकपणे लावलं तर माझं सदर बंद पडेल, तेव्हा ते सोडून देऊ. पण वाक्प्रचारांचं कलम ज्यांच्यासाठी होतं, त्यांनी ते वाचलंच नाही.

कुठल्याही आंतरराष्ट्रीय गटात डोकावून बघा. एक कोरियन, एक पोलिश आणि एक नागपूरकर आपापल्या मोडक्या इंग्रजीत छान बोलत असतात. वाक्यं छोटी, शब्द साधे, काळ एकच, तो म्हणजे वर्तमान. कामं होत असतात. तेवढ्यात टेक्सासचा एक जण येतो आणि दोन ओळींत बेसबॉलच्या तीन उपमा देतो. ‘बॉलपार्क’ काय, ‘लेफ्ट फील्ड’ काय. वर एखाद्या जुन्या मालिकेतला संवाद. कोरियन गप्प. पोलिश गप्प. नागपूरकर अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळा होतो. आणि टेक्सासवाल्याची समजूत अशी होते की या लोकांचं इंग्रजी जरा कच्चं आहे. त्या खोलीत परकी भाषा बोलणारा तो एकटाच होता, हे त्याला कोण सांगणार? सांगायचं तरी कुठल्या भाषेत?

प्रोग्रामिंगच्या जगात तर यजमानांनी आधीच हात टेकलेले असतात. लिनस टोरवाल्ड्स फिनलंडचा, मातृभाषा स्वीडिश. 1991 च्या ऑगस्टमध्ये आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, हे त्यानं जगाला सांगितलं ते इंग्रजीत. लुआ ही भाषा रिओ द जानेरोच्या विद्यापीठात 1993 मध्ये जन्मली, तिची जागतिक चर्चा इंग्रजीत. रुबी जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांनी लिहिली आणि 1995 मध्ये जपानी मंडळींपुढे मांडली. सुरुवातीची माहिती बरीचशी जपानीत. 2000 मध्ये इंग्रजी पुस्तक आलं, पाश्चात्त्य पाहुणे लोटले आणि मात्सुमोतो त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागले. माणूस इतका सौम्य की ‘मात्स चांगला वागतो म्हणून आपणही चांगलं वागू’ हे त्या मंडळींचं ब्रीदच होऊन बसलं. बाकीच्यांपेक्षा त्यांनी एक गोष्ट बरी केली. रुबीतली चूक आजही जपानीत कळवता येते. यजमानानं घराची एक खोली स्वतःसाठी राखून ठेवली.

टोरवाल्ड्सचं उदाहरण याच्या अगदी उलट. त्याच्या ईमेल-यादीत इंग्रजी अस्खलित होतं, शिष्टाचार नव्हता. चुकीचा कोड पाठवणाऱ्याची तो शेलक्या शब्दांत अशी काही खरडपट्टी काढायचा की ते ईमेल दंतकथा होऊन फिरायचे. 2018 च्या सप्टेंबरमध्ये त्यानं माफी मागितली, काही दिवस रजा घेतली आणि त्या समूहानं वागणुकीची संहिता स्वीकारली. म्हणजे भाषा बरोबर असेल तर शिष्टाचाराविना 27 वर्षं निभतं. भाषा चुकली तर पहिल्याच दिवशी दाखवून देतात.

स्टॅक ओव्हरफ्लोवर हे पुरेपूर अनुभवता येतं. 2008 पासून प्रोग्रामरांच्या अडचणी सोडवणारं हे ठिकाण फक्त इंग्रजीत चाललं. सहसंस्थापक जेफ ॲटवूड यांनी 2009 मध्ये इंग्रजीच्या बाजूनं एक लेख लिहिला, त्याला मथळा दिला ‘द अग्ली अमेरिकन प्रोग्रामर’. निदान प्रामाणिकपणा म्हणून गुण द्यायला हवेत. पुढे 2014-15 च्या सुमारास पोर्तुगीज, जपानी, रशियन, स्पॅनिश अशा वेगळ्या शाखा निघाल्या. पण माझं लक्ष मूळ इंग्रजी शाखेवर आहे, कारण आपली माणसं तिथं आहेत. आपला मुलगा प्रश्न विचारायला जातो तो शाळेत शिकलेल्या साऱ्या अदबीनिशी. रिस्पेक्टेड सर. हाय ऑल. काइंडली हेल्प. थँकिंग यू इन ॲडव्हान्स. तिथं प्रश्नाच्या सुरुवातीचं ‘हाय’ यंत्रच खोडून टाकतं आणि शेवटचे आभार कुणीतरी संपादक येऊन पुसतो, कारण तिथल्या शिष्टाचारात नमस्कार-चमत्काराला जागा नाही. मग उरतो तो प्रश्न. तोही ‘आधीच विचारला गेलेला आहे’ म्हणून बंद होतो. आपला मुलगा बुचकळ्यात पडतो. मास्तरांनी तर सांगितलं होतं, इंग्रजी आलं की जग आपलं.

या एकेरी मार्गावर एक उपाय 1887 मध्येच निघालेला आहे. वॉर्सात डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी एस्परांतो ही नवी भाषा काढली. कुठल्याच देशाची भाषा नाही, त्यामुळे सगळेच पाहुणे. कल्पना नामी होती. पण माणसं जमली की नियम आले आणि नियम आले की दटावणारे आले. एस्परांतोवाल्यांच्या मेळाव्यात दोन माणसं आपल्या मायबोलीत बोलताना सापडली, तर त्यांना ‘मगरपणा करू नका’ असं सुनावतात. मगर का, यावर मतभेद आहेत. गुन्हा मात्र मान्य आहे. त्यातही, एस्परांतोचा शब्दसंग्रह बहुतांशी युरोपीय भाषांमधून उचललेला. म्हणजे इटलीचा माणूसही तिथं पाहुणा आणि चीनचा माणूसही पाहुणाच, फक्त दुसरा जरा लांबून चालत आलेला.

सौजन्याचा सर्वात सुंदर नमुना मात्र विकिपीडियावर बघायला मिळतो. मराठी विकिपीडिया 2003 च्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला. गप्पा आणि वादांसाठी तिथं चावडी आहे. नाव ऐकूनच पारावर बसल्यासारखं वाटतं. या चावडीवर मुख्यालयातून सूचना येतात. निवडणूक आहे, धोरण बदलतंय, मतं कळवा. सूचनेची पहिली ओळ पुष्कळदा क्षमायाचनेची असते: सॉरी फॉर रायटिंग इन इंग्लिश. त्यानंतर चार परिच्छेद इंग्रजी. आणि अधूनमधून एक नम्र विनंती असते, कृपया हे तुमच्या भाषेत भाषांतरित करायला मदत करा. म्हणजे पत्र त्यांनी पाठवायचं, दिलगिरी त्यांनी व्यक्त करायची आणि फुकट भाषांतर आपण करायचं. एवढ्या सभ्यपणे काम अंगावर टाकायची हातोटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही साधलेली नाही.

उलट बाजूची अतिसभ्यताही विकिपीडियानंच दाखवली. 2020 च्या ऑगस्टमध्ये असं उघडकीला आलं की स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियावरचे हजारो लेख अमेरिकेतल्या एका मुलानं लिहिलेत, आणि त्याला स्कॉट्स येत नाही. शाळकरी वयात त्यानं सुरुवात केली होती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, शब्दकोशातून थोडे शब्द बदलायचे, स्पेलिंग जरा वाकडं करायचं, झाला लेख. वर्षानुवर्षं हे चाललं. त्याचा हेतू वाईट नव्हता, बिचाऱ्याला खरंच मदत करायची होती. लाज वाटावी ती बाकीच्यांना. इतकी वर्षं त्या घरात हे वाचून ‘अरे, हे काय लिहिलंयस?’ म्हणणारं कुणी फिरकलंच नाही. आणि फिलिपिन्समधली सेबुआनो? लेखसंख्येत तिचा विकिपीडिया इंग्रजीच्या पाठोपाठ, 60 लाखांवर लेख. त्यातले बहुतेक स्वीडनच्या स्व्हेर्कर योहान्सन यांच्या एका बॉटनं लिहिले. तिथं यजमानही नाहीत आणि पाहुणेही नाहीत, नुसतीच पानं.

आपल्याबद्दल काय बोलावं? पुण्यात एखाद्या कंपनीतल्या चाळीस जणांचा व्हॉट्सॲप गट असतो, एकोणचाळीस मराठी. एक जण पाटण्याचा किंवा म्युनिकचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून एकोणचाळीस जण इंग्रजीत लिहितात; वाढदिवसाच्या शुभेच्छा, डबा कुणाचा राहिला, गणपतीची वर्गणी, सगळं इंग्रजीत. आणि तो चाळिसावा? तो पहिल्या दिवसापासून गट म्यूट करून बसलेला असतो. याचंच मोठं रूप परदेशातल्या मंडळांमध्ये. मराठी टिकवण्यासाठी स्थापन झालेल्या गटात सूचना इंग्रजीत, कारण मुलांना वाचता येत नाही. मुलं त्या गटात नाहीतच, ती डिस्कॉर्डवर आहेत. तिकडं ती कोरियन मालिकांचे संवाद कोरियनमध्ये टाकतात आणि कुणी त्यांना ‘इंग्लिश प्लीज’ म्हटलं की भडकतात. या पिढीकडून मला बऱ्याच आशा आहेत.

आता यंत्रं म्हणतायत, भांडू नका, आम्ही आहोत. रेडिटनं 2024 पासून अनेक देशांत चर्चा आपोआप भाषांतरित करून दाखवायला सुरुवात केली. यूट्यूब तर माणसाच्या तोंडचे शब्दच काढून घेऊन दुसऱ्या भाषेतले घालतं. म्हणजे प्रत्येकाला वाटणार, आपण आपल्याच घरात आहोत. ओहायोतल्या एका माणसानं बागेतल्या टोमॅटोबद्दल इंग्रजीत प्रश्न टाकला. तो लिऑंमधल्या एका आजोबांना फ्रेंचमध्ये दिसला. आजोबांना वाटलं, विचारणारा आपलाच माणूस. त्यांनी वेळ काढून, चष्मा लावून, फ्रेंचमध्ये सविस्तर सल्ला लिहिला. ओहायोवाल्याला तो तसाच, फ्रेंचमध्ये पोचला. तो वैतागला. त्यानं खाली लिहिलं, इथं इंग्रजीतच लिहायचं असतं, एवढाही शिष्टाचार पाळता येत नाही का? आजोबांनी ते वाक्य चोख फ्रेंचमध्ये वाचलं.